पडद्यावरील भूत आणि दफनभूमीचा कोपरा

२०२४ साली नोव्हेंबरची पहिली तारीख शुक्रवारी आली. आम्हां ख्रिस्ती कुटुंबांना तो सर्व संतांचा सण. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सर्व मृतांचा स्मरणदिन. त्याच शनिवारी आमच्या हिंदू शेजाऱ्यांचा पाडवा होता आणि रविवारी भाऊबीज. वसईच्या किनारपट्टीवरील आमच्या गावात एका बाजूस आकाशकंदील लागले होते, तर दुसऱ्या बाजूस दफनभूमीतील थडगी धुऊन, क्रूसांना चुना लावून, झेंडूची फुले आणि मेणबत्त्या मांडण्याची लगबग चालली होती. नेमक्या याच शुक्रवारी 'भूल भुलैया ३' हा हिंदी चित्रपट देशभर झळकला. भुताचा सिनेमा, आणि तोही विनोदी! घरातील मुलांनी कोणास न विचारता मोबाइलवरून शनिवार रात्रीच्या खेळाची तिकिटे काढून टाकली.

आमची आई तेव्हा ८४ वर्षांची होती. तिकिटांची वार्ता कानी पडताच ती एवढेच म्हणाली, "मेलेल्यांच्या दिवशी मेलेल्यांची थट्टा बघायला जायचं?" आणि जपमाळ घेऊन आतल्या खोलीत गेली. "आजी, नुसता सिनेमा आहे गं तो! हसायला जायचं," असे म्हणत मुले तिच्या मागोमाग गेली. आम्ही तिघे भावंडे मध्ये सापडलो. आईचे मन मोडवत नव्हते आणि मुलांचा हिरमोडही करवत नव्हता. अखेर पहिली तिकिटे पाण्यात सोडून रविवार दुपारची नवी घेतली. आश्चर्य असे, की मग आईच म्हणाली, "मीपण येते. तुम्ही कशाला हसता ते बघू दे मला."

चित्रपटानंतर जे घडले त्यासाठी हा लेख लिहिण्यास आम्ही बसलो आहोत. परंतु ते समजण्यासाठी पडद्यावरील भुताचा इतिहास थोडा तरी डोळ्यांखालून घालावयास हवा. कारण आईचा प्रश्न आम्हांला वाटला तितका साधा नव्हता. मेलेल्यांना भ्यावे, त्यांना हसावे, की आणखी काही करावे, या प्रश्नाशी हिंदी चित्रपट गेली ७५ वर्षे झगडत आला आहे.

भूत कोण होते?

प्रथम गावाकडील भुतांविषयी. आमच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी किनाऱ्यावरील जुनी भुते काही वेशीबाहेर गेली नाहीत. लहानपणी आम्ही हडळ, मुंजा, गिऱ्हा, वेताळ, खवीस ही सारी नावे शेजारच्या मुलांबरोबरच शिकलो. या नावांकडे आज शांतपणे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हडळ ही बहुधा बाळंतपणात गेलेली स्त्री. मुंजा हा मुंज झाल्यावर, लग्नापूर्वीच मेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्यात असतो. ज्यांचे आयुष्य अर्ध्यावर तुटले, ज्यांना मिळायचे ते मिळाले नाही, त्यांचीच लोकांनी भुते केली. पिकल्या पानासारखा गळून पडलेला, नातवंडांच्या गराड्यात डोळे मिटलेला म्हातारा सहसा कोणाचे भूत होत नाही.

आमच्या आळीच्या टोकाला एक विहीर होती. १९७० च्या दशकात आम्ही शाळकरी होतो, तेव्हा 'विहिरीतला पोर' हे आमचे घरचे भूत होते. भर दुपारी विहिरीकडे गेले की तो नावाने हाक मारतो आणि तीन वेळा ओ दिली की आत ओढून नेतो, अशी गोष्ट आम्ही एकमेकांना सांगत असू. धाकट्या भावंडांना भिववण्यासाठी ती आईच्या देखतही कित्येकदा सांगितली. आई कधी रागावली नाही. ती उठून कामाला लागत असे.

उलगडणारे भूत

हिंदी बोलपटात भुताने खऱ्या अर्थाने पाऊल ठेवले ते १९४९ साली, 'महल'मध्ये. बॉम्बे टॉकीजचा हा चित्रपट. कमाल अमरोही यांचे पहिले दिग्दर्शन. अशोक कुमार आणि अवघी सोळा वर्षांची मधुबाला. छायालेखन जोसेफ विर्शिंग या जर्मन कलावंताचे. अंधारात हेलकावणारा झोपाळा, विझत चाललेल्या मेणबत्त्या आणि कोठून येते ते न कळणारा लता मंगेशकरांचा स्वर, यांनी प्रेक्षकांच्या अंगावर काटा उभा केला. संगीत खेमचंद प्रकाश यांचे होते. त्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी लताबाईंचे नाव नव्हते, तर पडद्यावरील 'कामिनी' या पात्राचे नाव होते. जणू भूतच गात होते!

तथापि 'महल'मधील भूत हे भूत नव्हतेच. ती माळ्याची मुलगी होती. खरी बळी ठरली ती नायकाची दुर्लक्षित पत्नी. नवरा एका सावलीमागे धावत राहिला आणि तिने विष घेऊन जीव दिला. त्या काळातील बहुतेक भयपट याच वाटेने गेले. १९६२ चा 'बीस साल बाद' शेरलॉक होम्सच्या एका प्रसिद्ध कथेवर बेतलेला. तेथे पिशाच्च वाटले ते माणसाचे कृत्य निघाले. १९६४ चा राज खोसला यांचा 'वह कौन थी?' पाहा. पावसाळी रात्री एक डॉक्टर रस्त्यात उभ्या असलेल्या स्त्रीला गाडीत घेतो आणि ती दफनभूमीच्या फाटकाशी उतरते. हा प्रसंग पाहून किती जणांची झोप उडाली असेल कोण जाणे! परंतु अखेरीस तेथेही मालमत्तेसाठी रचलेले कारस्थानच उघडकीस येते. १९५८ चा बिमल रॉय यांचा 'मधुमती' हा मात्र मोठा अपवाद होय. तेथील मृत नायिका खरोखरच परत येते आणि तिच्यामुळेच खुनी पकडला जातो.

नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातील ते चित्रपट होते. भूत म्हणजे अज्ञान, आणि शेवटच्या रिळात दिवा लावला की ते नाहीसे होते, अशी त्यांची श्रद्धा होती. आमच्या वाचकांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. त्या काळातील भय निम्मे कानांवाटे येत असे, आणि ते निर्माण करणाऱ्या मुंबईच्या वाद्यवृंदांत आपल्या गोमंतकीय कॅथलिक वादकांचा फार मोठा भरणा होता. चर्चच्या संगीतशाळेत स्वरलेखन शिकून आलेली ही मंडळी. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या संयोजकांनी व्हायोलिनचे ताफे कसे उभे करावेत हे या चित्रसृष्टीला शिकविले. पडद्यावर त्यांची नावे क्वचितच येत. एका अर्थी तेही अदृश्यच राहिले.

तळघरातील राक्षस

१९७० नंतर भुताचे रूप बदलले. ते बदलले रामसे कुटुंबाने. एफ. यू. रामसे हे मूळचे रामसिंघानी. कराचीत त्यांचे रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईस आले आणि पुढे चित्रपटनिर्मितीत पडले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आपटला. परंतु त्यांच्या मुलांनी चित्रपटगृहात एक गोष्ट टिपली. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात त्या एका प्रसंगाला प्रेक्षक किंचाळत होते. मग संपूर्ण चित्रपटच तसा का काढू नये? त्यातून १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' जन्मास आला. एवढ्याशा मंडळींनी तो महाबळेश्वरच्या परिसरात चित्रित केला. सात भावांनी कामे वाटून घेतली होती : तुलसी आणि श्याम यांच्याकडे दिग्दर्शन, कुमारकडे लेखन, गंगूकडे कॅमेरा, किरणकडे ध्वनी. पुढे 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८) आणि 'बंद दरवाजा' (१९९०) यांनी लहान शहरांतील चित्रपटगृहे भरून टाकली.

रामसे यांचे भूत शेवटच्या रिळात नाहीसे होत नसे. ते खरेच असे आणि त्याला ठार मारावे लागे. त्यासाठी त्रिशूळ, ॐ आणि क्रूस ही सारी पवित्र चिन्हे हत्यारांसारखी उगारली जात. आमच्यापैकी पुष्कळांनी चोरून पाहिलेल्या या चित्रपटांत क्रूस दिसला की आम्हांला उगाचच अभिमान वाटे. त्याचबरोबर थोडी खंतही वाटत असे. त्या पडद्यावरील क्रूस राक्षसाला भाजून काढण्यापुरता, आणि दफनभूमी म्हणजे धुके, घुबड आणि जमिनीतून वर येणारा हात. जेथे आम्ही लहानपणापासून आजोबांच्या थडग्यावर मेणबत्ती लावण्यास जात होतो, जेथे त्या संध्याकाळी सारे गाव भेटत असे, ती जागा इतकी भयाण का दाखवावी, असे वाटे.

याच चित्रपटांत विनोदही होता. पण तो वेगळ्या खोलीत राहत असे. 'पुराना मंदिर'मध्ये जगदीप यांचे 'शोले'वरील विडंबनाचे एक स्वतंत्र उपकथानक आहे. त्याचा सामरी या राक्षसाशी सांधा नाही. दहा मिनिटे भिववावे, दहा मिनिटे हसवावे, असा हा हिशेब. शिवाय रामसेपट म्हणजे 'केवळ प्रौढांसाठी' हे समीकरण ठरूनच गेले होते. घरातील सर्वांनी मिळून पाहण्याची ती वस्तू नव्हे. १९९३ साली झी वाहिनीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला तेव्हा कोठे रामसे घराघरांतील बैठकीच्या खोलीत शिरले.

हसू कोठून आले?

भीती आणि हसू एकाच ताटात वाढण्याचा प्रयत्न प्रथम मेहमूद यांनी केला. १९६५ चा 'भूत बंगला' हे त्यांचे पहिले दिग्दर्शन. तरुण राहुलदेव बर्मन यांचे संगीत त्यास होते आणि त्यांनी त्यात कामही केले. तेथील भूतही माणूसच निघाला; पण भीतीने थरथरणाऱ्या माणसाला आपण हसतो आणि हसताना आपली स्वतःची भीती कमी होते, हे मेहमूद यांनी ओळखले.

मराठीत ही ओळख अधिक पक्की झाली. १९८९ साली सचिन यांचा 'भुताचा भाऊ' आला आणि १९९३ साली महेश कोठारे यांचा 'झपाटलेला'. तात्या विंचू हा गुंड मरताना आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वाट्यास येतो. रामदास पाध्ये यांच्या या बाहुल्याने महाराष्ट्रातील मुलांची एक पिढी घाबरवली आणि तितकीच हसवली. आमच्या घरी व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणून तो पाहिला गेला, तेव्हा मुले पलंगावर पाय वर घेऊन बसली होती हे आम्हांला आठवते.

त्याच १९९३ साली केरळमध्ये फाझिल यांचा 'मणिचित्रताळ्' हा मल्याळम चित्रपट आला. जुन्या वाड्यातील कुलूप उघडले जाते आणि एका सूडाने पेटलेल्या नर्तकीचा संचार सुरू होतो. परंतु खरे पाहता ते भूत नसून घरातील सुनेच्या मनाची जखम असते, आणि ती मानसोपचारतज्ज्ञ बरी करतो. तोही मांत्रिकाच्या साहाय्याने! कन्नड, तमिळ, बंगाली असा प्रवास करीत ही कथा २००७ साली प्रियदर्शन यांनी 'भूल भुलैया' या नावाने हिंदीत आणली. विद्या बालन यांची मंजुलिका लोकांच्या मनात इतकी ठसली, की २०२२ साली 'भूल भुलैया २' निघाला तेव्हा निर्मात्यांनी आजाराचे स्पष्टीकरण बाजूस सारून सरळ खरेच भूत आणले. करोनाच्या साथीनंतर ओस पडलेल्या चित्रपटगृहांत त्या भुताने गर्दी खेचली.

या गर्दीस आणखी एक कारण आहे. १९८३ पासून आपल्या परिनिरीक्षण मंडळाने 'सर्वांसाठी' आणि 'प्रौढांसाठी' यांच्या मध्ये एक वर्ग केला : मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली पाहावे असा. निव्वळ भयपट सहसा प्रौढांच्या वर्गात जातो. त्यात विनोद मिसळला, रक्त कमी केले, की आजीपासून नातवापर्यंत सारे घर येऊ शकते. मल्टिप्लेक्सचे तिकीट महाग. पाच माणसांचे कुटुंब वर्षातून दोन-तीनदाच जाणार आणि तेही सणासुदीला. म्हणून 'स्त्री २' हा २०२४ साली १५ ऑगस्टच्या सुटीस आला, 'भूल भुलैया ३' दिवाळीत आला आणि २०२५ च्या दिवाळीत आदित्य सरपोतदार यांचा 'थामा' आला. पूर्वी अमावास्येच्या रात्री येणारी भुते आता सुटीच्या दिवसांत येतात!

गाऱ्हाणे सांगणारे भूत

परंतु केवळ व्यापाराने या चित्रपटांचे यश उलगडत नाही. अमर कौशिक यांचा 'स्त्री' ३१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रदर्शित झाला. १९९० च्या दशकात बंगळूरच्या वस्त्यांत एक अफवा पसरली होती. रात्री एक स्त्री दार ठोठावते आणि दार उघडणाऱ्याचा घात करते. म्हणून लोकांनी दारांवर 'उद्या ये' असे लिहून ठेवले. ही अफवा घेऊन चित्रपटाने ती मध्य प्रदेशातील चंदेरीत नेली. तेथे रात्री पुरुष बाहेर पडावयास घाबरतात, बायका त्यांना सोबत करतात, आणि आपण पोट धरून हसतो. हसता हसता ध्यानात येते, की हे तर आपल्या मुलींचे रोजचे जिणे उलटे करून दाखविले आहे. मग भुताची कहाणी कळते. ती एक गणिका होती. तिने प्रेमाने लग्न केले आणि लग्नाच्याच रात्री गावकऱ्यांनी नवराबायकोस ठार केले. तिला हवे आहे ते प्रेम आणि मान. तिला मारून प्रश्न सुटत नाही. गावाला आपली चूक मान्य करावी लागते.

२०२४ च्या जूनमध्ये आलेला सरपोतदार यांचाच 'मुंज्या' आपल्या कोकणातील भूत घेऊन आला. त्यात भूत उतरविणाऱ्याचे नाव आहे एल्विस करीम प्रभाकर. रामसे यांनी तीन धर्मांची चिन्हे वापरली. येथे तिन्ही धर्म एकाच माणसाच्या नावात बसविले आहेत. पूर्वी ज्याचा आधार वाटे त्याचाच आता विनोद झाला, असे कोणी म्हणेल. आम्हांला त्यात टिंगल दिसली नाही. गावाकडे अडल्या वेळी मांत्रिक, दर्गा आणि नोव्हेना असे तिन्ही दरवाजे ठोठावणारी माणसे आम्ही पाहिली आहेत.

याप्रमाणे पडद्यावर भुताचे तीन अवतार झाले. पहिल्या पिढीने भुताचा उलगडा केला, दुसरीने त्याचा संहार केला आणि तिसरीने त्याचे ऐकून घेतले. हे ऐकून घेणे हसण्यामुळे शक्य झाले, असे आमचे मत आहे. भ्यालेला माणूस पळतो. पळणाऱ्याला मागून येणारी हाक धमकीच वाटते. हसलेला माणूस खुर्चीत बसून राहतो, आणि म्हणून त्याला ती हाक पूर्ण ऐकू येते.

'भूल भुलैया ३' हा चित्रपट म्हणून थोर आहे असे आम्ही म्हणणार नाही. कर्णकटू आवाज, ओढूनताणून आणलेले विनोद आणि लांबण यांचा आम्हांस कंटाळा आला. विद्या बालन आणि माधुरी दीक्षित यांच्यापैकी मंजुलिका कोण, या कोड्यावर तो बराच वेळ तरतो. परंतु शेवट अनपेक्षित आहे. वाड्यातील ते भूत कोणा स्त्रीचे नाहीच. ते आहे एका राजपुत्राचे. त्याला स्त्रीवेषात नृत्य करण्याची ओढ होती. हे उघड होताच प्रत्यक्ष पित्याच्या आज्ञेने त्याला जाळले गेले, आणि त्यामागे बहिणींचा मत्सर होता. अखेरीस त्या बहिणी त्याच्यापुढे रडतात आणि तो त्यांना क्षमा करून निघून जातो.

चित्रपटगृहात तोवर हशा आणि शिट्ट्या चालल्या होत्या. त्या प्रसंगी सारे शांत झाले. आम्ही आईकडे पाहिले. ती चष्मा काढून पुसत होती.

कोपऱ्यातील कबर

परतताना रिक्षा घराच्या वळणावर आली तेव्हा आई म्हणाली, "सिमेट्रीकडे घ्या." आदल्या संध्याकाळी तर सारे गाव तेथे जमले होते, धर्मगुरूंनी थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडले होते, आम्ही वडिलांच्या, आजी-आजोबांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावल्या होत्या. आता तेथे कोणी नव्हते. मेणाचे ओघळ आणि कोमेजलेला झेंडू तेवढा उरला होता. आई वडिलांच्या थडग्यापाशी थांबली नाही. ती थेट उत्तरेकडील कोपऱ्यात गेली. तेथे थडगे नाही, क्रूस नाही, नुसते गवत आहे. वाटेतील एका थडग्यावरचे अर्धे जळलेले मेणबत्तीचे बुडखे तिने उचलून घेतले होते. ते तिने पेटवून गवतात उभे केले.

"इथं तुमचा मामा आहे," ती म्हणाली. "तुम्ही विहिरीतला पोर म्हणायचा ना, तो."

आईचे माहेर आमच्याच गावचे, पलीकडच्या आळीतले. तिला एक धाकटा भाऊ होता हे आम्हांला ठाऊक नव्हते. १९६१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने त्या विहिरीत जीव दिला. का, ते तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. चर्चमध्ये अंत्यविधी झाला नाही. घंटा वाजली नाही. चार माणसांनी संध्याकाळी त्याला कुंपणाच्या बाहेर पुरले. पुढे जागा अपुरी पडू लागली तेव्हा दफनभूमी वाढविली गेली, कुंपण पुढे सरकले आणि तो कोपरा आपोआप आत आला. कोणाच्या ध्यानातही आले नाही.

"सिनेमातल्या त्या बहिणींनी निदान माफी तरी मागितली," आई म्हणाली. "आम्ही त्याचं नाव टाकलं. आईनं टाकलं, म्हणून मीपण टाकलं. तुम्ही त्याचं भूत करून खेळायचात, तेव्हापण मला बोलता आलं नाही."

आम्ही मुले असताना तिच्या देखत ती गोष्ट कितीदा सांगितली, याचा हिशेब त्या अंधारात आम्ही प्रत्येकाने मनातल्या मनात केला. आईच्या भावाला आम्ही भूत केले आणि ती उठून कामाला लागत राहिली.

येथे त्या काळातील धर्मगुरूंना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. १९१७ च्या धर्मसंहितेत नियमच तसा होता. ज्याने जाणूनबुजून आत्महत्या केली आणि मरणापूर्वी पश्चात्तापाची काही खूण दिली नाही, त्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. मन आजारी पडते, माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही, हे ज्ञान तेव्हा आमच्या गावापर्यंत पोहोचले नव्हते. १९८३ ची नवी धर्मसंहिता आली, तिच्यात अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांत आत्महत्या उरली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने तर स्पष्टच सांगितले, की अशा माणसांच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. नियम बदलला, पण आमच्या घरातील मौन बदलले नाही. कुंपण सरकले त्याची खबर जशी कोणास नव्हती, तशीच याचीही नव्हती. नियम बदलल्याचे विहिरीला कोणी सांगितले नाही आणि आम्हांलाही नाही.

आता आईच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मृतांच्या दिवसांत भुताचा विनोदी चित्रपट पाहावा काय? आमचे उत्तर असे, की पाहण्यास हरकत नाही. परंतु घरी येऊन एक प्रश्न अवश्य विचारावा : आपल्या गावात ज्याला भूत म्हणतात, तो जिवंतपणी कोण होता? त्याचे नाव काय होते? पडद्यावरील लेखकांना हा प्रश्न सुचण्यास सत्तर वर्षे लागली. आम्हांलाही काही लवकर सुचला नाही.

२०२५ साली सर्व मृतांचा स्मरणदिन रविवारी आला. मिस्साआधी मृतांची नावे वाचली गेली त्यांत, ६४ वर्षांनी, मामांचे नाव होते. आमच्या प्रमुख धर्मगुरूंनी ते कसलीही विचारणा न करता यादीत घातले. उत्तरेकडील कोपऱ्यात आता एक लहानसा सिमेंटचा क्रूस आहे. मुलांनी त्या दिवाळीत 'थामा'ही पाहिला आणि आजीला येण्याचा आग्रह केला. "एक पाहिला तेवढा पुरे," असे सांगून तिने ते टाळले.

विहिरीची गोष्ट आमच्या घरात अजूनही सांगितली जाते. फक्त आता ती आई सांगते आणि नातवंडे ऐकतात. त्या गोष्टीत मामा चर्चच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, सणाच्या आदल्या रात्री विहिरीच्या कठड्यावर बसून सराव करतो आणि चुकला की आपल्या बहिणीला हाक मारून विचारतो, "ऐकलंस का गं?"